पडला तो मेला

राक्षसाचे दात नीट बसलेले असावेत, याबाबतीत मी तडजोड करत नाही. बोळक्या राक्षसाला कोण भिणार?

म्हणून त्या रविवारी क्रांती चौकाजवळच्या हॉलमध्ये मी राक्षस भरलेला बांगड्यांचा पहिला डबा उघडला आणि टेबलाभोवतीची पोरं एकदम पुढं वाकली, तेव्हा मला मनातून बरं वाटलं. तिथं स्पर्धा होती. बोटभर उंचीची सैन्यं टेबलावर मांडायची, टेपनं मोजून चालवायची, फासे टाकून लढवायची आणि ठरलेल्या फेऱ्या संपल्यावर मधल्या टेकडीवर कुणाचा गडी उभा आहे ते बघायचं. पऱ्या, राक्षस, जादूगार, काहीही चालतं. बाकीच्यांची सैन्यं यंत्रावर छापलेली, भाल्याच्या टोकापर्यंत रेखीव, वरून झकास रंगवलेली. माझं सैन्य गुलाबी. हिरडी असते तसं गुलाबी. आणि प्रत्येकाच्या जबड्यात माणसाचे दात. पांढरेशुभ्रही नाहीत, थोडे पिवळसर, खऱ्यासारखे.

"अरे बाप! हे काय आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

"सैन्य," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पण खरं सांगायचं तर त्या पोरांकडं माझं लक्षच नव्हतं. डबा उघडल्याबरोबर वास आला होता. इतकी वर्षं तो आत कसा टिकला, देव जाणे. गुलाबी मेण, ओलं प्लास्टर, स्पिरिटचा दिवा आणि त्या सगळ्यांवर कुरघोडी करणारा तो पातळ, नाकात झोंबणारा द्रव, ज्यात भुकटी कालवली की कवळीची हिरडी तयार होते. ज्यांच्या लहानपणाला मोगऱ्याचे आणि केवड्याचे वास आहेत त्यांनी ते खुशाल सांगावेत. माझ्या लहानपणाला कवळीचा वास आहे आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

बाबा कवळ्या करायचे. गुलमंडीत, एका अरुंद जिन्याच्या शेवटी, त्यांची एका खोलीची लॅब होती. आमच्या घराण्यात आधी पूजा सांगणारे होते, मग निजामाच्या कचेरीत खर्डेघाशी करणारे झाले. दात करणारे बाबाच पहिले. नातेवाइकांत त्यावरून पुष्कळ हसणं व्हायचं. लग्नाच्या पंगतीत बाबा बसले की एखादा काका म्हणायचाच, "जपून चावा रे, माप घेणारा आलाय." बाबाही हसायचे. पंगत उठली की तोच काका त्यांना हळूच खांबाआड नेऊन तोंड उघडून दाखवायचा.

लॅबमध्ये पाऊल टाकलं की तळव्यांना प्लास्टरची बारीक पांढरी धूळ लागायची. भिंतीच्या फळीवर गावातल्या लोकांचे प्लास्टरमधले जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. बाजारात ज्यांच्यापुढं आम्ही मान खाली घालून जायचो त्यांचे रिकामे जबडे आमच्या ओळखीचे होते, त्यामुळं मला पुढं आयुष्यात कुणाची फारशी भीती वाटली नाही. कोपऱ्यात स्टोव्हवर पातेलं आणि त्यात पितळी साचे रटरटत असायचे. नवे दात मेणाच्या पट्टीवर ओळीनं टोचलेले यायचे. त्या पट्ट्या बाबा उजेडाकडं धरून, डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "हे रंग माणसाच्या तोंडात किती वेगळे दिसतात बघ."

उन्हाळ्याच्या दुपारी गुलमंडी पेंगायची. कापडाच्या दुकानांतले नोकर गाद्यांवरच आडवे व्हायचे, रस्त्यावर एखादी सायकल कुरकुरत जायची, लांबून कुल्फीवाल्याची घंटी यायची. खिडकीतला वाळ्याचा कूलर गारवा कमी आणि आवाज जास्त करायचा. बाबा टेबलाखाली चटई टाकून झोपायचे. ते घोरायला लागले की टेबल आमचं.

आमचं म्हणजे माझं आणि नसीमचं. जिन्याच्या खाली तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. ती माझ्याच वयाची, अंगानं काडी, आवाज मात्र घाऊक व्यापाऱ्याचा. उरलेल्या मेणाचे गोळे, साच्यातून बाहेर आलेलं जादा गुलाबी, रंग न जुळल्यामुळं बाजूला टाकलेले दात, हे सगळं आमच्या मालकीचं होतं. मी बाबांच्या जुन्या सुरीनं कोरायची, ती केसांच्या आकड्यानं. माझे राक्षस, तिचे जिन्न. जगात कुठं असा खेळ असतो हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. आम्हाला वाटायचं, तो आम्हीच काढला.

मुलींनी असलं काही खेळू नये, असं वाटणारे तेव्हाही होते. नसीमच्या खालानं एकदा जिन्यात उभं राहून विचारलं, "पोट्ट्या होके लडाई खेलते?" नसीमनं वर न बघता उत्तर दिलं, "गुड्डे-गुड्डी में जीतता कौन, खाला?" खाला आत आल्या आणि कोण जिंकतंय ते बघत बसल्या.

चाल मोजायला आमच्याकडं बांगड्या होत्या. पायी चालणारा एक बांगडी, घोड्यावरचा दोन, उडणारा असेल तर तीन. बांगडी टेबलावर ठेवायची आणि तिच्या पलीकडच्या काठापर्यंत सरकायचं. काच लाकडावर टेकली की किण् असा आवाज व्हायचा. नसीम चालीसाठी मुद्दाम मोठ्या मनगटाची बांगडी उचलायची आणि पकडली गेली की म्हणायची, "मेरे जिन्न लंबे हैं." फासे बाबांनीच करून दिले होते, दाताच्याच मालाचे, दुधी रंगाचे.

आणि एक कायदा होता. दातांमुळं आमच्या सैनिकांची डोकी जड, ते उभे राहायचे ते जेमतेम. हलवताना हात लागला की आडवे. मग तो मेला की नाही यावरून झोंबाझोंबी. एकदा बाबा त्या भांडणानं जागे झाले तेव्हा नसीमनं कायमचा निकाल दिला. "आपल्या हातानं आपला पडला तर मेला. पडला तो मेला. बहस नक्को." दुसऱ्याचा पाडला तर मात्र आपण तो उभा करून द्यायचा. आणि लढाईत ज्यानं मारला त्यानंच मेलेल्याला उचलायचं, नीट, डोक्याकडून, आणि डब्यात ठेवायचं. हे शेवटचं कुठून आलं ते मला सांगता येणार नाही. तिच्या मोहल्ल्यात मयतीला खांदा द्यायला सगळे धावायचे, ओळखीचे आणि वैरी दोन्ही. कदाचित तिथून.

माझ्या हातानं तेव्हा फारसं कुणी मरायचं नाही. नसीम त्यावर जळायची.

आमच्या सैन्यातला सगळ्यात मोठा गडी म्हणजे पंखांचा अजगर. त्याला आम्ही दोघींनी मिळून घडवलं आणि दातांसाठी बाबांच्या डोक्याशी जाऊन बसलो. बाबा जेवून नुकतेच लवंडले होते. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला, फळीवरची एक पट्टी काढून दिली. काय दात होते! एकसारखे, दमदार. आम्ही ते बसवले, साच्यात दाबले, उकळून पक्के केले. संध्याकाळी गाडीनं लासूर स्टेशनचे एक आडत्या आले. त्यांची कवळी तयार करायची होती आणि त्यांच्या रंगाशी जुळवून आणलेली दातांची पट्टी फळीवर नव्हती.

बाबांनी फळी शोधली, टेबल शोधलं, मग टेबलावरच्या अजगराकडं बघितलं. तोपर्यंत आडत्यांनीही बघितलं होतं.

"डॉक्टर, हे माझेच हायेत व्हय?" त्यांनी विचारलं. बाबा डॉक्टर नव्हते, पण गावाकडचे सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे.

"जरा गडबड झाली, शेठ," बाबा म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. "आठ दिवसांत दुसरे मागवतो."

आडत्यांनी अजगराला हातात घेऊन उलटसुलट केलं. "राहू द्या वो. मला भाकर चुरून खायची सवय झालीया. ह्याला लई शोभायलेत."

नव्या कवळीसाठी ते पुन्हा आले तेव्हा ती तोंडात बसवून ते आधी आरशाकडं गेले नाहीत. अजगरापुढं वाकून हसले. म्हणाले, "बघ रं, आता दोघं सारखेच." त्या दिवसापासून अजगराचं नाव आडत्या पडलं. बाबा पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगताना मध्येच हसू अनावर होऊन थांबायचे आणि शेवट आम्हाला सांगावा लागायचा.

तेव्हा रमजान थंडीत यायचा. नसीमचा रोजा असला की ती फासे टाकायची पण ओरडायची नाही, शक्ती वाचवायची. मग मगरिबच्या अजानीला खजूर तोंडात टाकून दिवसभराचं एकदम ओरडून घ्यायची. दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर सगळ्या गल्लीचे मावळे उभे असायचे आणि आमच्या किल्ल्यावर एक गुलाबी जिन्न पहाऱ्याला. शेजारचे आजोबा म्हणाले होते, "हा कोण?" नसीमच म्हणाली, "पगारी आहे."

लॅब नंतर मी चालवायला घेतली. मेणाच्या जागी संगणकाचे पडदे आले, दात त्यांच्यावर कोरले जायला लागले. गुलमंडीतली ती खोली गेली. बाबा गेले. नसीमही गेली. कशी, ते मी लिहिणार नाही. तिचे शेवटचे महिने सांगणारे पुष्कळ आहेत, तिच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या सांगणारी मी एकटी उरले आहे. तिचे जिन्न माझ्याकडं आले, तिच्याच दुकानाच्या डब्यांतून.

आणि मग माझा हात थरथरायला लागला. उजवाच. त्याला एक नाव आहे, गोळ्या आहेत, डॉक्टर आहेत. त्यांचंही इथं काही काम नाही. सांगायचं ते एवढंच की हात हलायला लागला त्या दिवसापासून लोक माझ्याशी हळू बोलायला लागले. जणू हात नाही, कानच गेले. भाजीवाली पिशवी माझ्या खांद्यावर अडकवून देते. वहिनी माझ्या हातातली सुरी काढून घेते आणि वर "तू बस गं निवांत" म्हणते. सगळे चांगले आहेत. त्या चांगुलपणानं मी गुदमरत चालले होते.

वैभव हा ज्याचे दात मी करते असा एक तरुण डॉक्टर. म्हणजे त्याच्या पेशंटचे. माझ्या टेबलावर आडत्याला बघून तो वेडाच झाला. स्पर्धा तोच भरवतो, हे मला तेव्हा कळलं. जगभर असा खेळ खेळतात, हेही तेव्हाच नीट कळलं. त्यानं माझ्या राक्षसांना, जिन्नांना त्यांच्या नियमांत बसवून दिलं आणि माझं नाव घातलं. तर आता आयुष्यभर एकमेकांशी लढलेली ती दोन सैन्यं पहिल्यांदाच एका बाजूला उभी होती. समोर ओंकार होता, वाळूजच्या एका कारखान्यातला कोवळा इंजिनिअर, आणि त्याचे उंच, टोकदार कानांचे भालाईत.

मी पहिला राक्षस उचलला. हात टेबलावर येताच त्यानं आपला नाच सुरू केला. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी बघितलं नाही असं दाखवलं.

वैभव माझ्या कानाशी आला. "ताई, तुम्ही फक्त बोटानं दाखवा. हलवायचं मी बघतो. नियमात चालतं ते."

"नियमात चालत असेल. मला नाही चालत." मग मी ओंकारला मोठ्यानं सांगितलं, "आणि ऐक. माझ्या हातानं माझा जो पडेल तो मेला. माझ्या बाजूला हा नियम आहे."

"काकू, कायको उगाच? पडला तर उभा करायचा. सिंपल."

"तुझा तू कर. मी माझ्यापुरतं सांगितलं."

वैभवनं कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, बाई हट्टाला पेटली. पेटलेच होते. मला ती लढाई जिंकायची होती असं नाही. समोरच्यानं लढून माझं सैन्य मारावं, हवं तर सगळं मारावं. पण ते माझ्या हातानं मरू नये. आणि मरणारच असेल तर मेलं असं म्हणावं, कुणी हळूच उभं करून 'असू द्या हो काकू' म्हणू नये. एवढ्याचसाठी मी आले होते.

पहिल्याच चालीत माझी करंगळी लागली आणि नसीमचे जिन्न एकावर एक कोसळले. रांगच गेली. मी ते एकेक करून डब्यात ठेवले. मी मनात नसीमची माफी मागितली आणि तिच्याच घाऊक आवाजात मला उत्तर मिळालं, की बहस नक्को, पुढची चाल कर.

ओंकारची पाळी आली. माझ्या डाव्या बाजूला आता भगदाड होतं, त्याचे घोडेस्वार बरोबर समोर. शेंबड्या पोरालाही चाल कळली असती. त्यानं घोडेस्वार उचलले आणि उजवीकडं, झाडीत नेऊन ठेवले.

"ते कुठं चाललेत?" मी विचारलं.

"असंच. झाडीतनं येईन म्हटलं."

"समोर फळी फुटलीय माझी. दिसत नाही?"

तो टेपशी चाळा करत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. वाईट पोरगा नव्हता, उलट चांगला होता, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं.

"हे बघ ओंकार, दया मला घरी फुकट मिळते. पोटभर मिळते. तिच्यासाठी रविवारी इतक्या लांब यायची मला गरज नाही. खेळायचं असेल तर खेळ, नाहीतर तसं सांग, मी डबे भरते."

आवाज जरा चढला होता. शेजारच्या टेबलांवरचे फासेही थांबले. "ताई..." वैभव म्हणाला.

ओंकारनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच, हाताकडं नाही, माझ्याकडं. "सॉरी, काकू," तो म्हणाला. घोडेस्वार परत जागेवर आणले आणि भगदाडातून आत घातले. फासेही असे पडले की माझी अख्खी डावी बाजू साफ झाली. गावातल्या सावकाराच्या रंगाशी न जुळलेले दात लावलेला माझा बुटका राक्षसही गेला. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारणार होते, पण वेळीच हात आवरला. नाहीतर उरलेलेही गेले असते.

"आता उचल त्यांना," मी म्हटलं. "ज्यानं मारले त्यानं उचलायचे. डोक्याकडून धर. आमच्यात तसं आहे."

त्यानं माझे मेलेले राक्षस एकेक करून डब्यात उभे ठेवले. शेवटच्याचे दात जरा निरखून बघितले. मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाला, "मग माझापण तोच रूल. पडला तो मेला."

त्याचे दोस्त ओरडले, "ओ भाई, मरता क्या!" पण तो बोलून चुकला होता. आणि गंमत अशी की हात न थरथरणाऱ्यालाही तो कायदा जड जातो. त्याचे भालाईत काटकुळे, भाले लांब, एक उचलला की शेजारच्याच्या भाल्यात अडकायचा. दोन चालींत त्यानं स्वतःचे इतके पाडले की "च्यायला" म्हणायचंही सोडून दिलं. आता आम्ही दोघंही श्वास धरून हात पुढं न्यायचो. कुणी कुणाची कीव करायला जागाच उरली नव्हती. गुलमंडीतल्या त्या खोलीनंतर इतकी चांगली दुपार मी बघितली नव्हती.

शेवटची फेरी आली तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी ओंकारचा सेनापती होता, पांढऱ्या घोड्यावर, त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे भालाईत. माझ्याकडं आडत्या. टेकडीवर जायचं तर त्यांच्यामधल्या फटीतून. उडणारा असला तरी ठेवायचा कुठंतरी लागतोच, आणि जागा तेवढीच होती.

वैभवनं उठून पंखा बंद केला.

"चालू कर तो," मी म्हटलं.

"ताई, हवेनं..."

"पंखा आमच्याकडंही होता. चालू कर."

मी आडत्याला पाठीकडून धरला. हात हलतो तो सतत सारखा हलत नाही, हे लॅबमध्ये सुरी धरताना मी शिकले आहे. श्वास पूर्ण सोडला की तो क्षणभर दम खातो. तेवढ्यात सरकायचं. मग थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा सोडायचा. मी तसा तो नेला. केसाएवढा, पुन्हा केसाएवढा. पाठीमागं कुणाच्या तरी बुटाचा आवाज झाला आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला दटावलं. आडत्या फटीतून पार झाला, टेकडीवर टेकला, डुगडुगला. उभा राहिला.

मी हात काढून घेताना मनगट सेनापतीला लागलं. घोडा, स्वार, झेंडा, सगळं उताणं.

हॉलभर 'हाऽ' झालं. ओंकारनं हात पुढं केला. "पडला. मेला." त्याचा चेहरा पडला होता, पण तो उचलायला निघाला होता.

"थांब. तुझ्या हातानं पडला असता तर मेला असता. माझ्या हातानं तुझा पडला की मी उभा करून द्यायचा. नियम अर्धा नाही घ्यायचा."

"पण काकू, हा गेला तर तुम्ही जिंकलात. टेकडी तुमचीच आहे."

"कळतंय मला."

त्या मानानं आडत्याला टेकडीवर ठेवणं सोपं होतं असं म्हणावं लागेल. त्या घोड्याचे पाय काडीएवढे, आणि त्यानं एक पाय उचललेला. पहिल्यांदा उभा केला तो पुन्हा कलंडला. वैभवचा हात पुढं आला आणि आपला आपणच मागं गेला. मी कोपर टेबलावर रोवलं. श्वास सोडला. घोडा टेकला. बोटं एकेक करून काढली.

"तुझी चाल," मी म्हटलं.

ओंकारनं 'करू का' म्हणून विचारलं नाही. त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. त्यानं सेनापती टेकडीवर चढवला, आडत्यावर घातला, फासे ओंजळीत खुळखुळवले आणि टाकले. मोठे पडले. मग माझे पडले, छोटे. पुन्हा त्याचे पडले. झालं. आडत्या मेला, टेकडी गेली, लढाई संपली.

तो तसाच उभा राहिला. मीच म्हटलं, "उचल."

त्यानं दोन्ही हातांनी, डोक्याकडून, आडत्याला उचललं. "काकू," तो म्हणाला, "हा पडला नाही हां. मी मारला."

"मग!" मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, भोकाड पसरून म्हणतात तसं. ओंकार घाबरलाच. अजगर हातात घेऊन तो टेबलाला वळसा घालून आला. "काकू, नका ना रडू. हवं तर परत टाकतो फासे. मी उगाच..."

"गप बस," मी त्याला म्हटलं. "जिंकलायस तू. आता जरा नीट हरू दे मला."